नजरेसमोरचा डाव आणि नजरेआडचा डाव

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत खासबागेचे कुस्तीमैदान आहे. १९०२ साली राजर्षी शाहू छत्रपती विलायतेच्या प्रवासास गेले असता रोम येथील प्राचीन प्रेक्षागार त्यांच्या पाहण्यात आले, आणि तसेच एखादे मैदान आपल्या राजधानीत असावे असे त्यांच्या मनाने घेतले. १९१२ साली हे मैदान पुरे झाले. मध्ये सखल जागी आखाडा आणि भोवती चढत गेलेली बैठक अशी त्याची रचना असल्यामुळे हजारोंच्या गर्दीतही आखाड्यातील दोन मल्ल कोणाच्या दृष्टीआड होत नाहीत. सलामी झडल्यावर अनुभवी मल्ल एकदम अंगावर जात नाही. तो प्रतिपक्ष्याचा श्वास पाहतो, पाय कोठे पडतो ते पाहतो, हाताला हात लावून जोर अजमावतो, आणि मग डाव टाकतो. मराठी भाषेने कुस्तीतील पेचाला, पत्त्यांच्या फेरीला आणि पैजेला लावलेल्या धनालाही ‘डाव’ हा एकच शब्द दिला आहे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. या तिन्हींत माणसाला माणूस पारखावा लागतो, असाच बहुधा त्या शब्दाचा अभिप्राय असावा.

परंतु प्रतिपक्षी समोर नसेल तर काय होते? पत्ते तेच, नियम तेच, पैसाही तोच. मात्र खेळणारे एकमेकांना पाहू शकत नाहीत. २०१० नंतरच्या दशकात हातातील दूरध्वनीच्या काचेवर पोकर आणि रमी खेळणारांना नेमका हाच अनुभव आला. बैठकीत जिंकणारा काचेवर हरे, आणि काचेवर निष्णात ठरलेला बैठकीत गोंधळून जाई. याचे कारण त्यांच्या बुद्धीत नसून पैज लावण्याच्या दोन निरनिराळ्या रीतींत आहे. आणि या दोन रीती आजकालच्या नाहीत. त्यांचा इतिहास आपल्या पुराणकथांपासून मुंबईच्या कापूसबाजारापर्यंत आणि तेथून थेट आजपर्यंत येऊन पोहोचतो.

महाभारतात द्यूताच्या दोन मोठ्या कथा आहेत. हस्तिनापूरच्या सभेत युधिष्ठिरासमोर फासे टाकण्यास बसला तो शकुनी. पण पणास लावलेले धन होते दुर्योधनाचे. एकाने खेळावे आणि दुसऱ्याने पैसा भरावा, हा प्रकार विचित्र असल्याचे युधिष्ठिराने त्याच वेळी बोलून दाखविले होते. तरीही तो बसला आणि सर्वस्व हरला. ज्याचे धन जाणार त्याचा चेहरा फाशांमागे नाही, आणि ज्याचा चेहरा समोर आहे त्याचे काहीच जाणार नाही, अशी ती स्थिती होती. दूरच्या डावाचे बीज येथेच दिसते.

दुसरी कथा वनपर्वातील नलराजाची. नल आपला भाऊ पुष्कर याच्याशी खेळता खेळता राज्य गमावून बसला. मंत्री आणि नगरजन वाड्याच्या दाराशी आले, दमयंतीने विनविले, तरी तो उठला नाही. पुढे बाहुक या नावाने तो ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला असता त्या राजाने रथातून जाता जाता एका बेहड्याच्या झाडावरील पानांची आणि फळांची संख्या केवळ दृष्टिक्षेपाने सांगितली. नलाने झाड पाडून मोजणी केली आणि ती संख्या बरोबर निघाली. तेव्हा आपली अश्वविद्या देऊन नलाने त्याच्याकडून अक्षविद्या घेतली. बेहड्याच्या फळांचेच प्राचीन काळी फासे होत, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रसंगाचे मर्म कळते. पहिल्या वेळी नल आवेशाने खेळला होता. दुसऱ्या वेळी तो गणित शिकून आला. आणि त्याची पैज लावण्याची रीतही पालटली. पहिला खेळ महिनोन्‌महिने चालला होता. दुसऱ्या खेळात त्याने सर्वस्व एकाच पणास लावले, तो पण जिंकला आणि खेळ संपविला.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताचा विचार राज्यकारभाराच्या दृष्टीने केला आहे. द्यूताध्यक्षाने खेळ एकाच ठरलेल्या ठिकाणी चालवावा, अन्यत्र खेळणारास बारा पण दंड करावा, आणि जिंकलेल्या धनातून शेकडा पाच राजासाठी घ्यावेत, असे तेथे सांगितले आहे. चोरटे व्यवसाय करणारे लोक ओळखू यावेत, हाही त्यातील एक हेतू होता. जुगार नाहीसा होईल अशी आशा कौटिल्याने धरलेली दिसत नाही. तो नजरेसमोर राहावा, एवढीच त्याची खटपट आहे.

पत्त्यांच्या खेळात ‘नजर’ या शब्दाला आणखी एक अर्थ आला. सावंतवाडीची गंजिफा प्रसिद्ध आहे. तिच्यातील दशावतारी संचात दहा अवतारांची प्रत्येकी बारा अशी एकशेवीस वाटोळी पाने असतात. त्या खेळात कोणते पान पडून गेले आणि कोणते उरले हे स्मरणात ठेवणारा जिंकतो. तेथे स्मृती श्रेष्ठ असून खोट्या धिटाईला विशेष वाव नाही. बावन्न पानांचा विलायती संच आला आणि त्याच्याबरोबर ‘तीन पानी’ रूढ झाली, तेव्हा मात्र हूल देण्याची कला पत्त्यांत शिरली. हाती काही नसताना मोठी रक्कम लावून समोरच्याला पाने टाकावयास लावणे, हा त्या खेळाचा प्राण होय.

या खेळातील एक नियम मोठा मार्मिक आहे. आपली पाने न पाहता खेळणारा ‘ब्लाइंड’ खेळतो. पाने पाहून खेळणारास त्याच्या निदान दुप्पट रक्कम द्यावी लागते. म्हणजे ज्ञानाची किंमत दुप्पट आणि अज्ञान निम्म्या दराने! बावन्न पानांतून तीन पानांचे एकंदर २२,१०० निरनिराळे हात होतात. त्यांपैकी १६,४४० हातांत, म्हणजे शंभरांत सुमारे चौऱ्याहत्तर वेळा, साधी जोडीही नसते. आणि तीन सारखी पाने तर अवघ्या ५२ हातांत येतात. यावरून केवळ दुर्रीची जोडी हाती आली तरी ती दुसऱ्या एका हातापेक्षा सरस असण्याचा संभव चारांत सुमारे तीन इतका असतो. हे गणित सतरंजीवर बसलेल्या जुन्या खेळाडूने कधी कागदावर मांडलेले नसते. अनुभवाने ते त्याच्या अंगात मुरलेले असते. पण त्याचे अर्धे लक्ष पानांकडे आणि अर्धे माणसांकडे असते. पाने पाहताना कोणाचा हात क्षणभर थबकला, पैसे पुढे सरकविताना कोण बोलका झाला, कोण एकाएकी गप्प बसला, यावर तो आपली चाल ठरवितो. ओळखीच्या मंडळींत प्रत्येकाची कीर्तीही खेळात भाग घेते. ‘हा गृहस्थ हाती काही असल्याशिवाय चढवीत नाही’ अशी ज्याची ख्याती, त्याची वर्षातून एखादी हूल हमखास पचते.

महाराष्ट्राच्या बैलबाजारांत याच्या नेमकी उलट रीत पाहावयास मिळते. तेथे दोघे व्यवहार करणारे उपरण्याखाली हातात हात घालून बोटांच्या खुणांनी किंमत ठरवितात. चेहरे उघडे, आकडा झाकलेला. भोवतालच्या लोकांना सौदा कळत नाही. पण त्या दोघांना परस्परांच्या मुद्रेवरून पुष्कळ कळते. दूरच्या डावात आकडा उघडा पडतो आणि चेहरा झाकला जातो.

हा चेहरा झाकण्याचा क्रम मुंबईत सुरू झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे पावसाचा सट्टा जोरात होता. ठरलेल्या वेळात ठरावीक पाऊस पडेल की नाही, यावर पैजा लागत. १८८७ चा मुंबईचा जुगारप्रतिबंधक कायदा मुख्यतः जुगाराचे घर, तेथील साधने आणि तेथे सापडलेली माणसे यांचा विचार करून रचलेला होता. पावसाला घर नाही आणि ढगांना कोणी साधन म्हणू शकत नाही. तेव्हा १८९० मध्ये दुरुस्ती करून पावसावरील पैजाही कायद्याच्या कक्षेत घ्याव्या लागल्या. घर धरून पकडणाऱ्या कायद्याला घर नसलेल्या जुगाराने चकविण्याचा प्रसंग पुढे पुनःपुन्हा आला.

त्यानंतर आला कापसाचा आकडा. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील उघडते आणि मिटते भाव तारेने मुंबईस येत, आणि त्या भावांतील अंकांवर लोक पैसे लावीत. ज्याने आयुष्यात न्यूयॉर्क पाहिले नाही, किंबहुना ज्याला कापसाच्या व्यापाराशी काही कर्तव्य नाही, असा माणूस रात्री तारेची वाट पाहत बसे. १९६१ च्या सुमारास न्यूयॉर्कहून ते आकडे येणे बंद झाले. तेव्हा १९६२ मध्ये कल्याणजी भगत याने आणि १९६४ मध्ये रतन खत्री याने मुंबईत आकडा काढण्याची निराळी व्यवस्था केली. तीच ‘मटका’ या नावाने ओळखली जाऊ लागली. शून्य ते नऊ यांतून तीन अंक काढावयाचे, त्यांची बेरीज करावयाची आणि बेरजेचा शेवटचा अंक हा निकाल. दहा अंकांतून एक बरोबर आला तर सर्वसाधारणपणे एकाचे नऊ मिळत. दहा वेळा एक एक रुपया लावणारा सरासरीने एकदा जिंकून नऊ रुपये घरी नेणार आणि एक रुपया चालकाला देणार, हे सरळ गणित आहे.

तथापि खेळणारांनी हे गणित मांडले नाही. गिरणगावातील कामगारांपासून गावोगावच्या दुकानदारांपर्यंत लोकांनी जुन्या आकड्यांचे तक्ते जमविले, स्वप्नांतून आणि गाड्यांच्या क्रमांकांतून अंक शोधले. हे हास्यास्पद वाटेल. पण त्यामागील भूक खरी होती. सतरंजीवर बसलेल्या मनुष्याला समोरच्याच्या डोळ्यांत काही तरी वाचावयास मिळत असे. मटक्याच्या चिठ्ठीमागे डोळेच नव्हते. म्हणून माणसाने आकड्यांना डोळे लावले.

याच काळात टपालाच्या मार्गाने एक सभ्य दिसणारा जुगारही घराघरांत शिरला. तो म्हणजे शब्दकोड्यांच्या बक्षीसस्पर्धा. आर. एम. डी. चमरबागवाला यांच्या स्पर्धा बंगळूरला छापल्या जाणाऱ्या पत्रातून चालत आणि ते पत्र मुंबई राज्यात खपे. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाल्यापासून मंगळवार पेठेतील रहिवासीही त्याच राज्याच्या कायद्यांच्या कक्षेत आले होते. परराज्यात छापलेल्या स्पर्धेवर आपल्या राज्यात कर बसवावा की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५७ च्या निकालात न्यायालयाने त्या स्पर्धांना जुगारच ठरविले. कारण तेथे योग्य शब्द शोधावयाचा नसून चालकांनी कोणता शब्द पसंत केला आहे याचा तर्क करावयाचा होता. जुगार हा घटनेने संरक्षिलेला व्यापार नव्हे, असेही न्यायालयाने सांगितले. तत्पूर्वी १९५५ च्या कायद्याने अशा स्पर्धांच्या बक्षिसांना महिन्याला एक हजार रुपयांची मर्यादा घातलीच होती. येथेही प्रतिपक्षी अदृश्य होता, आणि त्याने बंद पाकिटात काय लिहिले आहे हे कोणाही बुद्धिमंताला कळणे शक्य नव्हते.

आता पोकरकडे वळावे. हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या आगबोटींवर वाढला. तीन पानीप्रमाणेच त्याचाही प्राण हूल देण्यात आहे. ती हूल म्हणजे केवळ धिटाई नव्हे, हे जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने दाखविले. १९२८ मधील त्याचा निबंध आणि १९४४ साली मॉर्गेनस्टर्न यांच्यासह लिहिलेला ग्रंथ यांतून असे सिद्ध झाले की, चांगल्या पानांवरच रक्कम चढविणारा खेळाडू उघडा पडतो. ठरावीक प्रमाणात वाईट पानांवरही चढविणे हे गणितानेच आवश्यक ठरते. ऋतुपर्णाची विद्या येथे विसाव्या शतकाच्या भाषेत पुन्हा अवतरली.

१९९८ मध्ये पोकर पैशांसाठी इंटरनेटवर खेळण्यास आरंभ झाला, आणि दोन रीतींतील अंतर स्पष्ट झाले. बैठकीत तासाला पंचवीस-तीस डाव होतात. काचेवर एकाच मेजावर साठ-सत्तर होतात, आणि एक खेळाडू एका वेळी तीन-चार मेजे सांभाळतो. बैठकीतील खेळाडू करमणुकीसाठी आलेला असतो. तो पाने सहसा टाकीत नाही. म्हणून तेथे चढाई मोठी करावी लागते. मूळ पैजेच्या तिप्पट-चौपट, कधी पाचपटही रक्कम लावल्याशिवाय गर्दी हटत नाही. आणि जो हटणारच नाही त्याला हूल देण्यात अर्थ नसल्यामुळे चांगली पाने आल्यावर भरपूर लावणे हेच शहाणपण ठरते. काचेवर उलट दुप्पट-अडीचपट एवढीच चढाई पुरते. कारण समोरचे बहुतेक गणिती असून अल्प कारणाने पाने टाकतात. तेथे कोण हटवादी आणि कोण भित्रा हे मुद्रेवरून नव्हे, तर शेकडो डावांच्या नोंदीवरून कळते. चेहऱ्याची जागा टक्केवारीने घेतली. उत्तर देण्यास लागलेला वेळ, हीच काय ती अदृश्य माणसाची एकमेव खूण उरली.

२००३ साली ख्रिस मनीमेकर या अमेरिकन हिशेबनिसाने इंटरनेटवरील अल्पमोली स्पर्धेतून पोकरच्या जागतिक स्पर्धेत प्रवेश मिळविला आणि पंचवीस लाख डॉलरचे पहिले पारितोषिक जिंकले. अंतिम लढतीत सॅम फारा या मुरब्बी खेळाडूसमोर हाती काहीही नसताना त्याने आपले सर्व धन लावले, आणि फाराने चांगली पाने टाकून दिली. मनीमेकर काळा चष्मा घालून, अगदी निश्चल बसला होता. काचेवर शिकून आलेल्या त्या माणसाने बैठकीतही आपला चेहरा झाकूनच ठेवला, असे म्हणता येईल. पुढे २०१७ मध्ये लिब्रेटस नावाच्या यंत्राने चार निष्णात व्यावसायिकांना हरविले. यंत्राला चेहरा नसतो आणि दुसऱ्याचा चेहरा पाहण्याची त्याला गरजही पडत नाही. चेहऱ्यावाचूनचा डाव त्याच्या शेवटच्या टोकाला येथे पोहोचला.

येथपर्यंत ही केवळ कौशल्याची कथा झाली. परंतु घर चालविणाऱ्या माणसाच्या दृष्टीने दुसरा प्रश्न मोठा आहे. एका डावात सरासरीने दोन रुपये हरणारा मनुष्य बैठकीत तासाला साठ रुपये हरेल. तोच मनुष्य चार मेजांवर तासाला दोनशे ऐंशी डाव खेळला तर पाचशे साठ रुपये हरेल. त्याची चूक वाढलेली नसते. चूक करण्याची संधी तेवढी नऊपट झालेली असते. शिवाय बैठकीत पत्ते पिसण्यास वेळ लागतो, चहा येतो, आणि कोणी वडीलधारा ‘आता पुरे’ असे म्हणतो. शेजारच्याने आपले हरणे पाहिले याची लाज वाटते. नलाच्या दाराशी निदान नगरजन तरी आले होते. अंथरुणात पडून मध्यरात्री खेळणाऱ्याच्या दाराशी कोणीच येत नाही. कारण घरातील माणसांनाही डाव चालला आहे हे ठाऊक नसते.

पैसा दिसतो तोवर त्याचे वजन हाताला कळते, हीही गोष्ट विसरता येत नाही. नोटा मोजून पुढे सरकविणारा हात थबकतो. आकड्यावर बोट ठेवणारा हात थबकत नाही. शेवटी भारताच्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा केला. २२ ऑगस्ट रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या त्या कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या सर्व ऑनलाइन खेळांना, मग ते नशिबाचे असोत वा कौशल्याचे, मनाई केली. हा भेद महत्त्वाचा आहे. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले होते, आणि दीर्घकाळ कौशल्य हीच कसोटी मानली गेली होती. नव्या कायद्याने खेळात बुद्धी किती लागते हे विचारण्याऐवजी तो कोणत्या मार्गाने खेळला जातो हे विचारले. कौटिल्याने एका जागी आणलेला डाव सर्व जागी पसरला, तेव्हा राज्यसत्तेने हे निराळे पाऊल उचलले.

एवढ्यावरून समोरासमोरचा जुगार निर्दोष होता, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. युधिष्ठिर भरसभेत हरला, आणि नल सख्ख्या भावासमोर हरला. चेहरा दिसत असूनही माणूस बुडतो, हे दोन्ही कथा सांगतात. पण नलाच्या कथेला पुढचा भाग आहे, आणि लोक तो बहुधा विसरतात. अक्षविद्या शिकून परतलेल्या नलाने पुष्कराला एका पणात जिंकले. त्याचे सर्वस्व आणि त्याचे प्राणही आता नलाच्या हाती होते. नलाने त्याचा वाटा त्याला परत दिला, भाऊ म्हणून आलिंगन दिले आणि सन्मानाने आपल्या घरी पाठविले. गणिताने जिंकलेल्या नलाला हे करता आले, कारण हरलेला माणूस त्याच्यासमोर उभा होता. खासबागेच्या मैदानातही कुस्ती निकाली झाल्यावर जिंकलेला मल्ल चीत झालेल्या मल्लाला हात देऊन उठवितो. काचेपलीकडे हरलेल्या माणसाला कोणी हात देत नाही. कारण तो कोण होता, आणि त्याने काय गमावले, हे जिंकणाऱ्याला कधी कळतच नाही.